डिफरेन्शियलचं ऑइल घरीच बदलायचंय, फरशी न माखता

चौथा_गिअर

मंडळी, गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, मागे सॉलिड ॲक्सल. डिफच्या (मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या डिफरेन्शियलच्या) हाउसिंगला खाली ड्रेन प्लग आणि मागच्या बाजूला मध्यावर फिल प्लग, असे दोन वेगळे प्लग आहेत. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-५, २.२ लिटर असं लिहिलंय. इंजिन ऑइल घरी बदलतो, त्यामुळे पाने, जॅक, स्टँड, टॉर्क रेंच सगळं आहे.

अडचण एकच, खाली फरशी आहे आणि तिच्यावर डाग पडलेला घरात कुणालाही चालणार नाही. गिअर ऑइलचा वास जात नाही म्हणतात, तेही आहेच. तर विचारायचं असं:

काढताना सांडू नये म्हणून काय करता? आणि भरायचं कसं? हाउसिंगच्या वर इतकी कमी जागा आहे की बाटली उलटी धरताच येत नाही. पंप घ्यावा, मोठी सिरिंज घ्यावी की नुसती नळी लावून वरून सोडावं? गाडी फक्त मागून उचलली तर चालेल का?

क्राउन_पिनियन

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो चुकला तर बाकी सगळं नीट करूनही ऑइलची पातळी चुकते.

फक्त मागून उचलू नका. पातळी म्हणजे फिल प्लगच्या भोकाची खालची कड, आणि ती गाडी सपाट असतानाच खरी. मागून उचललेल्या गाडीचं नाक खाली जातं, हाउसिंग पुढे कलतं आणि ऑइल पुढच्या पिनियनकडे (लहान दातेरी चाकाकडे) धावतं. तुमचं भोक मागच्या बाजूला आहे, म्हणजे ते वर जातं. भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत भरत राहिलात तर गाडी खाली घेतल्यावर ऑइल जास्त झालेलं असेल. भोक पुढच्या बाजूला असतं तर नेमकं उलट झालं असतं, कमी पडलं असतं. तेव्हा एकतर चारही स्टँडवर सारख्या उंचीला घ्या, नाहीतर उंच गाडी असेल तर अजिबात उचलू नका, खाली सरकून काम होतं. रिकामं करण्यापुरती मागून उचलली तर हरकत नाही, पण पातळी बघताना गाडी सपाट हवी.

उचलताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. डिफ साधं असेल तर मागचं एकच चाक हवेत गेलं तरी गिअरमध्ये टाकलेली गाडी धरून राहत नाही. हवेतलं चाक उलट फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेकही कामाचा नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मगच जॅक. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता क्रम. आधी दहापंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. ऑइल कोमट झालं की धार मोकळी पडते आणि तळाशी बसलेली बारीक पूडही सोबत निघते. फार लांब चालवू नका, हाउसिंग हाताला भाजेल इतकं गरम नको.

मग दोन्ही प्लगच्या भोवतालची माती तारेच्या ब्रशने खरवडून फडक्याने पुसा. ही माती आत गेली तर थेट बेअरिंगमध्ये जाते, तिथे कुठला फिल्टर नाही.

आधी फिल प्लग उघडायचा, मग ड्रेन. हे ठळक करतोय कारण उलट केलं आणि फिल प्लग जाम निघाला, तर डिफ रिकामं आणि गाडी जागची हलवता येत नाही अशी पंचाईत होते. फिल प्लग निघाला की मगच ड्रेनला पाना लावा.

ड्रेन प्लगला बहुधा मॅग्नेट असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. बोटांत चोळली तर खरखर लागता कामा नये. नखाला अडकेल असा तुकडा, दाताचा टवका किंवा सुईसारखी काडी दिसली तर मात्र नवीन ऑइल भरून विषय संपवू नका, आधी आत बघून घ्या. काळं ऑइल स्वतःहून वाईट नसतं. जळका वास आणि सोबत निळसर पडलेली धातूची पूड असेल तर गरम झाल्याची खूण.

वॉशर दोन्ही नवीन घाला. ॲल्युमिनियमचा एकदा दबला की दुसऱ्यांदा भरवशाचा नाही. तांब्याचा असेल आणि नवीन मिळत नसेल तर लालबुंद तापवून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो आणि बसतो. प्लग निमुळत्या आट्यांचा असेल तर त्याला वॉशर नसतोच. तिथे आट्यांना सीलंट लावून बेताने आवळायचं. असा प्लग ताकद लावून आवळला तर पाचर ठोकल्यासारखं होतं आणि ओतीव हाउसिंग तडकू शकतं.

टॉर्क तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. वॉशर असलेल्या सरळ आट्यांच्या प्लगला बऱ्याच गाड्यांत तो ४०-५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे चाकाच्या नटाच्या निम्म्याहूनही कमी. हाताच्या अंदाजाने आवळणारे इथेच जास्त आवळतात.

घमेलं_फडकं

सांडण्याबद्दल मी लिहितो.

फरशीवर आधी जाड प्लास्टिक, निदान दीड मीटर बाय दीड मीटर. त्यावर पुठ्ठा. नुसतं प्लास्टिक घातलं तर पडलेला थेंब घरंगळतो आणि तुमची पाठ तो फरशीवर घेऊन जाते. नुसता पुठ्ठा घातला तर तासाभराने ऑइल आरपार झिरपतं. दोन्ही हवेत, आणि पुठ्ठा वर. गाडीखालून बाहेर येताना पाय ठेवायला कडेला एक वेगळा कोरडा पुठ्ठा ठेवा. फरशीवरचे निम्मे डाग प्लगमधून पडत नाहीत, चपलेच्या तळव्याने येतात.

घमेलं जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी ठोकळे किंवा विटा रचून ते ड्रेन प्लगच्या वीतभर खाली आणा. उंचावरून पडणारी धार घमेल्यात आपटून शिंतोडे उडवते. शिवाय शेवटी शेवटी ती दोऱ्याइतकी बारीक होते, तेव्हा वाऱ्याच्या एका झुळकेने बाजूला जाते. अंतर वीतभर असेल तर दोन्ही प्रश्न मिटतात.

घमेल्यावर एक जुनी धातूची चाळणी आडवी ठेवा. प्लग हातातून सुटला तर चाळणीत पडतो, तळाशी बोटं घालून शोधत बसावं लागत नाही.

प्लग सैल झाल्यावर शेवटचे आटे हाताने काढायचे. प्लग आत दाबून धरत फिरवा, म्हणजे तो पूर्ण सुटेपर्यंत ऑइल येत नाही. आटे संपल्याचं बोटाला कळतं. मग एका झटक्यात हात बाजूला घ्या, खाली नाही. खाली घेतला तर धार मनगटावरून कोपरापर्यंत जाते. हातात नायट्राइल ग्लोव्हज घाला आणि डोळ्यांवर चष्मा, कारण तुम्ही खालून वर बघत असणार.

प्लग तळाला असेल तर धार सरळ पडते. बाजूला असेल तर आधी हातभर पुढे उडते आणि प्रवाह कमी होईल तशी हाउसिंगकडे सरकत येते. त्यासाठी घमेलं लांबट घ्या, किंवा एक हात घमेल्यावर ठेवून धारेबरोबर ते सरकवा.

आणखी एक जागा. हाउसिंगच्या तळाला ओतकामाच्या फासळ्या असतात. ऑइल त्यांना चिकटून पुढे रांगत जातं आणि भलत्याच ठिकाणाहून टपकतं. ड्रेनच्या भोवती फडकं गुंडाळून ठेवलं तरी ते आधी शोषून घेतं आणि मग सोडत बसतं. त्यापेक्षा प्लास्टिकच्या बाटलीचा उभा अर्धा कापा, त्याची पन्हाळ करून प्लगच्या खाली हाउसिंगला टेकवून धरा. खाली सायलेन्सरचा पाइप किंवा स्टेपनी आड येत असेल तर ही पन्हाळ लागतेच.

दहापंधरा मिनिटं गळू द्या. थेंब-थेंब सुरू झालं की प्लग आणि बैठकीची जागा पुसा, नवा वॉशर घालून आवळा. आता भरायचं.

पंप, सिरिंज, नळी या तिन्हींनी काम होतं, पण तिन्हींचे घोटाळे वेगवेगळे.

बाटलीच्या तोंडावर आटे बसणारा हातपंप तुमच्यासाठी सगळ्यात सोपा. पंपाचे आटे तुमच्या बाटलीच्या तोंडाला बसतात का ते काम सुरू करायच्या आधी बघा, सगळ्या बाटल्यांची तोंडं सारखी नसतात. नळी भोकात चार-पाच सेंटिमीटर आत घाला आणि तारेने किंवा झिप टायने जवळच्या ब्रॅकेटला बांधा. जाड ऑइलच्या दाबाने नळी मागे सरकते आणि सुटली की सापासारखी फिरते. यात लपलेला घोटाळा असा की बाटली भोकापेक्षा उंच ठेवली असेल आणि पंपात झडप नसेल, तर तुम्ही पंपिंग थांबवल्यावरही सायफनने ऑइल येतच राहतं. बाटली भोकाच्या खालच्या पातळीला ठेवा. संपल्यावर नळीचं टोक वर करा, अंगठ्याने बंद करा आणि थेट रिकाम्या बाटलीत घाला.

सिरिंज ३००-५०० मिलीची घ्या. २.२ लिटरला पाच ते आठ खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला टोकावरचा एक थेंब कुठेतरी पडतोच. भरून झाल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढायचा म्हणजे टोकातलं ऑइल आत जातं.

नळीने वरून सोडायचं तर १०-१२ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, वर नरसाळं किंवा थेट बाटली. स्वच्छ पद्धत आहे, फक्त वेळखाऊ. आणि पातळी आल्यावर नळीत मीटरभर ऑइल उरलेलंच असतं, ते कुठे जाणार याचा विचार आधी करा. नळी चिमटीत दाबून बंद करायला एक क्लिप हाताशी ठेवा.

तिन्ही पद्धतींत नवीन बाटल्या आधी कढत पाण्याच्या बादलीत अर्धा तास उभ्या ठेवा. तोंड घट्ट बंद आणि पाण्याच्या वर. ऑइल पातळ होतं, पंपाचा दम निम्म्याने वाचतो.

क्राउन_पिनियन

वरच्यात पातळीची भर. भोकाच्या कडेवरून ऑइल बाहेर आलं म्हणजे लगेच प्लग लावायचा नाही. जाड ऑइल ॲक्सलच्या नळ्यांमध्ये सावकाश पसरतं. पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडं घाला, आणि बाहेर येणारी धार थेंबांवर आली की प्लग. करंगळीचं टोक भोकात वाकवून घातलं तर कडेशी ऑइल लागलं पाहिजे. काही मॅन्युअल कडेच्या खाली काही मिलिमीटरपर्यंत चालतं म्हणतात, तर काहींत मुद्दाम खालची पातळी दिलेली असते. तुमचं काय म्हणतं ते बघा.

२.२ लिटर लिहिलंय म्हणजे तीन लिटर आणा. जुनं सगळं निघत नाही, त्यामुळे २.२ पेक्षा थोडं कमीच मावेल, पण सांडलेलं आणि नळीत अडकलेलंही धरायला हवं. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा. दीड लिटरच निघालं तर आधीपासून कमी होतं, म्हणजे गळतंय कुठेतरी. पिनियनचं सील आणि मागच्या चाकांच्या आतली बाजू बघा.

जास्त भरलं तर क्राउन (मोठं दातेरी चाक) ते घुसळतं, फेस होतो, तापतं आणि ब्रीदरमधून (हाउसिंगमधल्या हवेच्या वाटेतून) किंवा ॲक्सल सीलमधून बाहेर येतं. मागे ड्रम ब्रेक असतील तर ते थेट लायनरवर. कमी भरलं तर सगळ्यात आधी पिनियनचं पुढचं बेअरिंग सुकतं, कारण त्याला ऑइल क्राउनने उडवलेलंच मिळतं.

चौथा_गिअर

भरपूर मिळालं, आभार. खाली जाऊन नुसतं बघून आलो. फिल प्लगला आत षटकोनी खाच आहे, म्हणजे ॲलन कीवाला, आणि ती खाच मातीने पूर्ण बुजलेली आहे. ड्रेनला बाहेरून २४ मिमीचा पाना बसतो, तो ठीक वाटतो. ॲलन लावून थोडा जोर दिला, हलला नाही, म्हणून थांबलो.

दुसरं, भावाच्या गाडीच्या डिफला ड्रेन प्लगच नाही. मागे गोल पत्र्याचं झाकण आहे, दहा बोल्ट. ते कसं काढायचं? की सिरिंजने वरूनच ओढून घ्यावं?

सहा_कोनी

थांबलात ते बरं केलंत. ॲलनची खाच एकदा गोल झाली की काम दहा मिनिटांवरून दिवसावर जातं.

आधी खाच रिकामी करा. बारीक स्क्रू ड्रायव्हर किंवा दाभण घेऊन तळापर्यंतची माती टोकरा, मग फुंकर किंवा हवा. तळाशी दोन मिलिमीटर माती राहिली तरी ॲलन पूर्ण बसत नाही, फक्त तोंडाकडची कड धरतो आणि ती कड सोलून निघते. बहुतेक खाचा अशाच खराब होतात, जोर जास्त झाल्यामुळे नाही.

मग गंज सोडवणारं तेल प्लगच्या कडेला मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हाताची एल आकाराची ॲलन की नको, आणि गोल टोकाची तर मुळीच नको. अर्ध्या इंची रॅचेटला बसणारं ॲलन सॉकेट घ्या, योग्य मापाचं. ते हातोडीने दोन-तीन ठोके मारून खाचेत बसवा. या ठोक्यांनी आटेही हलतात. मग लांब दांडा, आणि झटका नाही, एकसारखा वाढता दाब. पहिला कट्ट आवाज आला की सुटलं.

तरीही नाही हलला तर हाउसिंगची प्लगभोवतालची जागा हीट गनने तापवा, प्लग नाही. उघडी ज्योत नको, भोवती ऑइल आणि रबराची सीलं आहेत.

बाहेरून पाना बसणाऱ्या प्लगला कायम सहा कोनांचं सॉकेट. बारा कोनांचं कोपऱ्यांवर चढतं.

झाकणाबद्दल. सिरिंजने ओढता येतं, फिल होलमधून नळी तळापर्यंत पोचत असेल तर बहुतेक ऑइल निघतं. सांडण्याच्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ पद्धत तीच. पण तळाचा गाळ मागे राहतो आणि दातांवरची झीज बघायला मिळत नाही. मी म्हणेन एकाआड एक करा, एकदा ओढून, एकदा झाकण उघडून.

झाकण काढायचं तर सगळे बोल्ट काढून बसू नका. वरचे दोन बोल्ट चार-पाच आट्यांवर सैल ठेवा, बाकी सगळे काढा. आता झाकण पडणार नाही. खालच्या कोपऱ्यात पातळ पत्र्याची खुरपी घालून हळूच उचका. खालून फट पडते आणि ऑइल तिथूनच, एका जागी, घमेल्यात उतरतं. झाकण रुंद असतं, धारही रुंद येते, म्हणून इथे घमेलं झाकणापेक्षा मोठंच हवं. रिकामं झाल्यावर वरचे दोन काढा.

क्राउनवर स्वच्छ, धागे न सोडणारं फडकं टाकून जुनं सीलंट खरवडा. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर प्लास्टिकची खुरपी. दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने फडक्यावर मारून पुसा. आत फवारू नका, सगळी घाण ॲक्सलच्या नळ्यांत जाते. तोंड पूर्ण कोरडं होईपर्यंत वरून एखादा थेंब ओघळत असेल तर पुन्हा पुसा, कारण नेमक्या त्या थेंबावर सीलंट धरत नाही आणि महिन्याभराने गळती तिथूनच सुरू होते.

गिअर ऑइलला चालणारं आरटीव्ही (ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट) घ्या. झाकणावर ३ मिमीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि प्रत्येक भोकाला वळसा. जाड रेघ ओढली तर दाबल्यावर आत दोरी तयार होते, ती तुटून ऑइलमध्ये फिरते. झाकण लगेच लावा, बोल्ट समोरासमोर अशा क्रमाने हाताने टेकवा, मग टॉर्क. ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळा. रात्रभर ठेवून सकाळी ऑइल भरलं तर उत्तम.

ब्रीदर_बघा

एकाआड एक वगैरे ठीक आहे, पण पाण्यातून जाणाऱ्या गाडीला सिरिंज नको. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशीच बसतं, आणि नेमकं तेच मागे राहतं.

आणि कुणीतरी डिझेलने आत धुऊन घ्या असं सांगेलच, त्याच्या आधी सांगतो. नका धुऊ. डिझेल ॲक्सलच्या नळ्यांत साचतं, पूर्ण निघत नाही, आणि नवीन ऑइल पातळ करतं. फारच घाण असेल तर स्वस्तातलं पण त्याच प्रतीचं गिअर ऑइल भरा, शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला.

चौथा_गिअर

सगळं जमवलं. ऑइलबद्दल शंका आहे. घरात गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ पडून आहे, तेही ७५डब्ल्यू-९०च. आकडे सारखेच आहेत तर ते चालेल का? आणि माझ्या डिफमध्ये एलएसडी (लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफ) आहे की नाही हे कसं कळणार, हाउसिंगवर काही लिहिलेलं नाही.

क्राउन_पिनियन

नाही चालणार. ७५डब्ल्यू-९० हा फक्त घट्टपणा. जीएलचा आकडा दाब सोसण्याबद्दल सांगतो. तुमच्या डिफमध्ये हायपॉइड दात आहेत, पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. ऑइलचा पडदा तिथे फाटतो, तेव्हा गंधक आणि फॉस्फरसची रसायनं धातूवर थर धरतात. जीएल-५ मध्ये ती भरपूर असतात. वास येतो तोही त्यांचाच. जीएल-४ मध्ये कमी असतात, डिफमध्ये ते घातलं तर दात ओरखडतात.

उलटही करू नका. मॅन्युअल जीएल-४ मागत असेल अशा गिअरबॉक्समध्ये जीएल-५ गेलं तर पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्रास होतो.

जुने मिस्त्री ‘नव्वद नंबर’ किंवा ‘एकशेचाळीस’ म्हणतात तो घट्टपणाचा शेवटचा आकडा. जड ओझं ओढणाऱ्या गाडीला काही कंपन्या ७५डब्ल्यू-१४० किंवा ८५डब्ल्यू-१४० सांगतात. मॅन्युअलमध्ये नसेल तर आवाज दाबायला म्हणून घट्ट ऑइल घालू नका. ॲक्सिलरेटर दिल्यावरच येणारी किंवा सोडल्यावरच येणारी कुई दातांच्या बैठकीची असते, ऑइलने ती जात नाही.

एलएसडी ओळखायला: पुढच्या चाकांना ठोकळे, मागची दोन्ही चाकं स्टँडवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं डिफ, त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी. झिजलेल्या क्लचचं एलएसडी साध्यासारखं वागू शकतं, म्हणून शंका राहिली तर चासी नंबरवरून विचारून घ्या.

क्लचवालं एलएसडी असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (क्लचच्या चकत्या अडखळू नयेत म्हणून ऑइलमध्ये घालायचं रसायन) लागतो. बाटलीवर एलएस लिहिलेल्या ऑइलमध्ये तो आधीच असतो, वरून पुन्हा घालू नका. वेगळा घालायचा तर आधी मॉडिफायर आत, मग ऑइल, म्हणजे भोकाशी पातळी येईपर्यंत त्याला जागा उरते. प्रमाण मॅन्युअलमधलं, बऱ्याच गाड्यांत ते १००-१२० मिलीच्या आसपास असतं. भरल्यावर मोकळ्या जागेत हळू वेगात इंग्रजी आठचा आकडा काढत दहाबारा फेऱ्या मारा. क्लचच्या चकत्यांमध्ये ऑइल पोचायला हवं. त्यानंतरही पूर्ण वळणावर मागून कडकड, थरथर आली तर मॉडिफायर कमी आहे. दात असलेल्या, टॉर्सन जातीच्या एलएसडीला तो लागत नाही.

हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत डिफ गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि दोघांना एकच ऑइल. तिथे यातलं काही करू नका, गिअरबॉक्सचं मॅन्युअल वाचा. चारही चाकांवर चालणाऱ्या काही गाड्यांत मागच्या डिफमध्येच क्लच आणि पंप बसवलेले असतात, त्यांना कंपनीचं खास ऑइलच लागतं, जीएल-५ नाही.

चौथा_गिअर

झालं काम. फिल प्लग रात्रभर भिजवल्यावर दुसऱ्या ठोक्याला सुटला. ऑइल २ लिटर निघालं, २.१ गेलं. मॅग्नेटवर राखाडी पेस्ट, तुकडे नाहीत. पण निघालेलं ऑइल कडेने किंचित दुधाळ दिसतंय, चहात दूध कमी पडल्यासारखं. पाणी?

आणि फरशीवर फक्त एक डाग, तळहाताएवढा, पंपाच्या नळीचा. अजून ओला आहे.

ब्रीदर_बघा

पाणीच. किंचित असेल तर घाबरू नका, पण आलं कुठून ते बघा.

डिफ तापलेलं असताना गाडी पाण्यात शिरली की हाउसिंग झपाट्याने गार होतं, आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर तिथून हवा येते. बुजलेला असेल तर तीच ओढ सीलच्या ओठांवरून पाणी आत खेचते. बुजलेल्या ब्रीदरचं दुसरं टोक म्हणजे आत दाब साठून पिनियन सीलमधून ऑइल बाहेर. सील दोनदा बदलूनही गळतं तेव्हा कारण बहुधा तिथेच असतं.

ॲक्सलच्या नळीवर छोटी टोपी किंवा रबरी पाइप शोधा. टोपी असेल तर बोटाने हलवल्यावर ती सैल खुळखुळली पाहिजे. पाइप असेल तर काढून त्यात फुंका, अडता कामा नये. पाण्यातून वरचेवर जात असाल तर पाइप बदलून लांब घ्या आणि त्याचं टोक बॉडीत उंचावर न्या, कुठेही झोल न देता, कारण झोलात पाणी साचतं.

ऑइल साधारण ५०० किलोमीटरनंतर फिल होलमधून सिरिंजने थोडंसं काढून बघा. स्वच्छ असेल तर पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत राहू द्या. पुन्हा दुधाळ दिसलं तर परत बदला.

घमेलं_फडकं

डाग आत्ताच धरा, आणि चोळू नका. चोळलं की ऑइल सांध्यांत आणि दगडाच्या छिद्रांत जातं. कोरडा लाकडाचा भुसा किंवा मांजराच्या शौचासाठी विकत मिळणारी कोरडी माती जाडसर टाका, वरून पायाने दाबा, तासाभराने झाडून घ्या. मग भांड्यांचा साबण न पातळ करता थेट, मऊ ब्रश, आणि कमी पाण्याने पुसून काढा. पाणी ओतून धुतलंत तर डाग पसरतो.

फरशी पॉलिश नसलेल्या दगडाची असेल आणि सावली राहिलीच, तर खायच्या सोड्यात भांड्यांचा साबण कालवून घट्ट लेप करा, अर्धा सेंटिमीटर जाड थापा, वर प्लास्टिक टाकून कडा चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप वाळू द्या आणि खरवडा. वाळताना तो ऑइल वर ओढतो. एकदा पुरलं नाही तर पुन्हा लावा.

जुनं ऑइल नवीन ऑइलच्या रिकाम्या बाटल्यांतच भरा, वर ‘वापरलेलं’ लिहा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल काही मिसळू नका, मिसळलेलं ते घेत नाहीत. गटारात तर नाहीच. माखलेली फडकी गोळा करून ढीग घालू नका, उघड्यावर पसरून वाळवा आणि मग टाका.

आणि दोन दिवसांनी, गाडी चालवून आल्यावर, दोन्ही प्लगवर कोरडा पांढरा कागद टेकवून बघा. कागद कोरडा निघाला तर झालं. ओला निघाला तर आधी प्लग स्वच्छ पुसून पुन्हा एकदा तपासा. फिल प्लगच्या खाली भरताना ओघळलेलं ऑइल दिवसभर पाझरत राहतं आणि गळतीचा भास होतो. तो नसेल तर टॉर्क बघा, टॉर्क बरोबर असेल तर वॉशर.

चौथा_गिअर

ब्रीदरची टोपी मातीने घट्ट बसली होती, हलतच नव्हती. काढून पेट्रोलमध्ये बुडवून ठेवली आहे. भुसा टाकलाय. कागदाचं परवा कळवतो.